नोझलवाल्या मिस्तरींचे कान

“आधी ऐकू द्या.”

गाडीवाल्यानं तोंड उघडायच्या आत मिस्तरी हात वर करायचे. एका हाताचा पंजा असा उघडा, आन् दुसऱ्या हातात लांब दांडीचा पेचकस. पेचकसाचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आन् डोळे मिटायचे. डॉक्टरनं छातीला नळी लावली की आपण कसा श्वास धरतो, तसा गाडीवाला श्वास धरून उभा राहायचा. तुम्ही बी कुठं ना कुठं असा माणूस पाहिला आसंल.

“मिस्तरी, धूर लई सोडती हो, आन् चढाला—”

“धूर सोडती, दम खाती, रुसती, सगळं करती. तिलाच सांगू द्या. तुम्ही नवरे लोक मधीमधी बोलू नका.”

गाडीवाला हसायचा. मिस्तरी हसायचे नाय. चारी जागी टोक टेकवून झालं की डोळे उघडून म्हणायचे, “तिसरं.” नाय तर “पयलं.” मग नोझल काढून तपासायच्या मशीनवर लावायचे, आन् मशीन बी तेच सांगायचं.

दुकान धान्याच्या मोंढ्याच्या मागच्या गल्लीत. एक शटर, त्याच्या मागं एक खोली. खोलीत मिस्तरी राहायचे, एकले. बायको जाऊन लई वर्षं झालेली, लेक पुण्याला कंपनीत. मी झाडायला व्हते. गल्लीतली तीन दुकानं झाडायची मी, मिस्तरींचं शेवटचं. त्यांच्याकडं झाडून, चिंध्या धुवून, चहा ठेवून मंग मुकुंदवाडीला माझ्या खोलीवर जायचं. घरी जाऊन बी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून तिथंच टाइम घालवायची.

मी मूळची पिशोरच्या पुढची. आमची मेंढरं. दीडशे व्हती एका काळी. दिवाळी झाली की निघायचं, कुणाच्या रानात दोन रात, कुणाच्या रानात चार रात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत त्याला, धान्य आमाला. मालक काविळीनं गेले. मंग एका उन्हाळ्यात रोग आला, निम्मी मेंढरं पडली. उरली ती दिरानं हाकून नेली. लेकीचं लगीन झालेलं व्हतं, तिच्या दारात बसून खाणं बरं दिसंना. म्हणून शहरात आले. रडत बसायला टाइम नव्हता, आन् त्याचा उपेग बी नसतो.

आता नोझल म्हंजी काय ते सांगते. शिकलेले लोक त्याला इंजेक्टर म्हणत्यात. बोटाएवढं लोखंड, त्याच्या टोकाला भोकं, केसाहून बारीक. त्यातून डिझेल थेट इंजिनच्या पोटात जातं, जाळाच्या तोंडात. ते धुक्यावानी गेलं पायजे. भोकाला काजळी धरली, का डिझेलमधी घाण आली, की धुकं मोडतं आन् सुतासारखी धार पडती. मग गाडी काळी ओकती. आन् आतली सुई अडकून नोझल उघडंच राहिलं, टिप टिप गळायला लागलं, तर मोठं नुकसान. आतल्या पिस्टनला भोक पडतं. हे मला मिस्तरींनी शिकवलं. शाळेत मी दुसरीपातूर गेले, त्यात असलं काय नव्हतं.

मिस्तरींकडं चार वाट्या व्हत्या, स्टीलच्या, तळाला आकडे टाकलेल्या. एका गाडीची चार नोझलं चार वाट्यांत. “ज्याचं त्याच्या घरी,” म्हणायचे. पयल्याचं तिसऱ्यात गेलं की गाडी बिघडती.

मी कामाला लागले त्याच्या पयल्याच आठवड्यात एक गोष्ट झाली. शेजारचा उस्ताद नमाजाला गेला की मिस्तरी त्याच्या दुकानावर लक्ष ठेवायला बसायचे. मी एकली. समोर एका येगळ्या वाटीत एक नोझल पडलेलं, टोकाला काळंभोर. मी मनात म्हणलं, येवढंच ना. आमचा रॉकेलचा स्टो असाच तुंबायचा, पिन घातली की भडकायचा. पदराला सुई व्हती. बसले टोकरत.

मिस्तरी आले. बघितलं. मला वाटलं गेली नोकरी.

“मावशी, काय चाललंय?”

“साफ करते.”

“सुईनं?”

“स्टोला करत्यात तसं.”

मिस्तरी स्टुलावर बसले. मंग म्हणले, “नशीब तुमचं, ते भंगारातलं हाय. चालू गाडीचं असतं तर त्या माणसाला आजपासून गाडी नाय, स्टो मिळाला असता.” आन् उठून त्यांनी मला मशीन दाखवलं. काचेच्या चार नळ्या, त्यात चार धुकी. मी सुईनं टोकरलेलं बी लावून दाखवलं. त्याची धार वाकडीतिकडी, शेळी मुतल्यावानी. मला हसू आलं. तवा ते बी हसले. त्या दिवसापासून त्यांनी मला कोणच्याच गोष्टीला हात लावू नका असं म्हणलं नाय. शिकवलं. आमच्यासारख्या बाईला कुणी शिकवत बसत नाय, तुमाला बी ठावं हाय.

एकदा गंमत म्हणून त्यांनी पेचकसाची मूठ माझ्या कानाला लावली. “ऐका, मावशी. कसं रडतंय बघा.”

मी ऐकलं. आत टक टक टक चाललेलं. दुसऱ्या जागी टेकवलं. टक टक टक. तिसऱ्या जागी टेकवलं तर टकच्या मागं एक बारीक हुं.

“हे खोकतंय,” मी म्हणले.

मिस्तरींनी माझ्याकडं बघितलं. “कशावरून?”

आता कशावरून म्हणजे. दीडशे मेंढरांत एक मेंढरू खोकलं की पडल्या जागी कळायचं मला, कोणतं ते. सकाळी जाऊन त्यालाच धरायचं. घशात कुसळ अडकलेलं येगळं खोकतं, रोगाचं येगळं. चुकलं तर सगळं वाडगं जातं. हे मी मिस्तरींना सांगितलं. ते म्हणले, “मी ज्याच्या हाताखाली शिकलो तो उस्ताद पाच वर्षं कानफाडात मारायचा, तवा मला हे ऐकू आलं. तुमाला मेंढरांनी फुकटात शिकवलं.”

फुकटात काय शिकवलं नाय. मी चिंध्या धुवायला गेले.

मिस्तरींचे कान जातायत हे मला कवा कळलं, ते नीट सांगता येत नाय. केस पांढरे झालेले जसे एक दिवस एकदम दिसत्यात, तसं झालं. चहाला पाणी उकळून उतू चाललंय, मिस्तरी दोन हातावर, आन् वळून बघंनात. मी मागून म्हणायची, “मिस्तरी, दूध नाय आज,” तर ते काम करतच राहायचे. समोर जाऊन म्हणलं की म्हणायचे, “मग कोरा चालंल की.” ओठ बघून बोलायचे. आन् बोलायला लागले व्हते लई. आधी घुमे व्हते, आता सारखे बोलायचे. स्वतः बोलत राहिलं की समोरच्याचं ऐकावं लागत नाय, ही त्यांची युक्ती. गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हातारपणी मिस्तरी बोलके झाले.

मंग एक दिवस मिस्तरी म्हणले, “दुसरं.” मशीनवर लावलं तर दुसरं ठणठणीत. बिघडलेलं चौथं. गाडीवाला बाहेर मोबाइलवर बोलत व्हता, त्याला काय कळलं नाय. मला कळलं. मिस्तरींनी माझ्याकडं बघितलं आन् मी झाडायला लागले.

त्या दिवशी चहा पिताना ते म्हणले, “चाळीस वर्षं इंजिनला कान लावला, मावशी. इंजिननं ठेवून घेतला.”

“डॉक्टरला दाखवा.”

“दाखवला. गुलमंडीवरून कानाचं मशीन बी आणलं गुपचूप. घालून इंजिनपाशी गेलो, तर भांड्याच्या दुकानात बैल शिरल्यावानी झालं. ठेवून दिलं.” मंग हळूच म्हणले, “लेकाला कळू देऊ नका.”

लेक वाईट नव्हता. उलट बापाची काळजी लई. त्यानं सांगूनच ठेवलेलं, “पप्पा, जोवर जमतंय तोवर करा. ज्या दिवशी जमायचं नाय, त्या दिवशी शटर खाली आन् तुम्ही पुण्याला.” पुण्याला त्याचं घर सातव्या मजल्यावर. मिस्तरी एकदा जाऊन आलेले, तेरा दिवस. “तिथं दिवसभर खिडकीतून खाली गाड्या दिसतात,” म्हणले. “टोपणं. वरून नुसती टोपणं.” तिथं जायचं म्हणजे मरायचं, असं ते म्हणले नाय, पण त्यांच्या तोंडावरून दिसलं. आन् गिऱ्हाइकाला कळलं की मिस्तरी बहिरा, तर कोण येईल? गल्लीच्या तोंडाला मोठं गॅरेज झालेलं, काचेचं, तिथं गाडीला वायर लावली की कंप्युटर सांगतो.

माझं काय व्हतं त्यात? मिस्तरी गेले की माझं एक दुकान जाणार. ते दुसरं मिळालं असतं. पण दिवसभरात माझ्याशी दोन शब्द बोलणारं माणूस तेवढंच एक व्हतं.

मंग आम्ही एक रीत बसवली. कुणी ठरवली नाय, बसली. गाडी आली की मिस्तरी नेहमीप्रमाणं हात वर करणार, पेचकस लावणार, डोळे मिटणार. सगळं रीतसर. मंग गाडीवाल्याला म्हणणार, “समोर चहा घेऊन या, इंजिन जरा तापू द्या.” तो गेला की मी झाडू ठेवून कान लावणार. तो परत येईस्तोवर मी आपली झाडतेय. झाडूच्या दांडीवर माझी किती बोटं वर हायत, ते मिस्तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणार.

“तिसरं,” म्हणणार.

“वा मिस्तरी,” गाडीवाला म्हणायचा. “कान हाय का काय हाय.”

मिस्तरी म्हणायचे, “देवाची देणगी हाय. झाडत असती कुठंतरी.” आन् मी मान खाली घालून केर भरायची.

नोझलं साफ करून बसवली की परत एकदा ऐकायचं. त्याला मिस्तरी शेवटचं ऐकणं म्हणायचे. मशीनवर नोझल पास झालं तरी नळीत एखादा कण राहिलेला असतो, तो गाडी चालू केल्यावर सुटतो आन् नव्यानं साफ केलेल्या नोझलात जाऊन बसतो. ते मशीनला कळत नाय, कारण मशीनवर तो कण व्हताच नाय. ते फक्त कानाला कळतं. शेवटचं ऐकल्याबिगर मिस्तरींनी कवा चावी दिली नाय. दोन वर्षं ते शेवटचं ऐकणं माझं व्हतं.

दोन वर्षांत एक बी गाडी परत आली नाय. हे मी मोठेपणानं सांगत नाय. सांगायला दुसरं कुणी उरलं नाय म्हणून सांगते.

गेल्या सालच्या पावसाळ्यात लेकीच्या घरी पणतू झाला. लेकीच्या लेकाचं पोरगं. बारशाचा सांगावा आला. लई वर्षांनी मला त्या घरून सांगावा आला व्हता. मी मिस्तरींना समोर उभं राहून सांगितलं, “शुक्रवारी जाते, मंगळवारी येते.”

“जा की. नवं लुगडं नेसून जा,” मिस्तरी म्हणले. “मंगळवारपातूर मी कुणाला चावी देत नाय.”

त्याच आठवड्यात कन्नडच्या एका मास्तरांची गाडी आलेली. मास्तर जुनं गिऱ्हाईक. आदल्या साली त्यांच्या गाडीचं दुसरं नोझल मीच सांगितलेलं, त्यांना ते मिस्तरींनी सांगितलंय असंच ठावं. या बारीला चारी साफ करायची व्हती. मिस्तरींनी त्यांना पुढच्या बुधवारचा वायदा दिला. मास्तर म्हणले, “बुधवारी नक्की पायजे. शुक्रवारी आईला चाळीसगावला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचीय, ऑपरेशन हाय.” हे माझ्यासमोर झालं. मला ठावं व्हतं.

मंगळवारी मी आले नाय. शनिवारी आले.

आल्यावर मिस्तरींनी विचारायच्या आत मी सांगितलं, “पावसानं रस्ता गेला, येष्टी बंद व्हती.” मिस्तरींनी माझ्या ओठाकडं बघितलं आन् मान हलवली. दुकान झाडलेलं व्हतं, त्यांनीच. कोपरे राहिलेले.

“मास्तरांची गाडी?” मी विचारलं.

“गेली,” म्हणले. “गुरुवारी दिली. बुधवारी आले, त्यांना उद्या या म्हणलं. गुरुवारी परत आले. म्हणले मिस्तरी, आई उपाशी बसवायचीय उद्या, तारीख परत मिळायची नाय. मी त्यांना किती बारी परत धाडू?” मंग थांबून म्हणले, “कान लावला मी. मुठीत थरथर बरी वाटली.”

मी झाडू घेऊन राहिलेले कोपरे झाडायला लागले.

गाडी कन्नडच्या घाटात बंद पडलेली, हे आमाला मागनं कळलं. मी आले त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, भर दुपारी. आधी ठक ठक, मंग पांढरा धूर, मंग काय नाय. गाडीत मास्तर, त्यांची बायको, उपाशी आई. घाटात पावसाची भुरभुर, दोन तास कुणी थांबलं नाय. शेवटी एका टेंपोवाल्यानं म्हातारीला पुढं बसवलं. दवाखान्यात पोचल्या तवा डॉक्टर निघून गेलेले. ऑपरेशन राहिलं. गाडीचं इंजिन खोललं तर पिस्टनला भोक. तिसरं नोझल उघडं राहिलेलं, कण बसून.

मास्तरांनी मिस्तरींना फोन लावले. मिस्तरींनी उचलले नाय. ते कुणाचेच उचलायचे नाय. दुकानाच्या पाटीवर खाली लेकाचा नंबर व्हता, पाटी नवी केली तवा रंगवलेला. मास्तरांनी तो लावला.

सोमवारी दोघं आले. लेक पुण्याहून, मास्तर कन्नडहून. मास्तर आरडले नाय. आरडले असते तर बरं झालं असतं. स्टुलावर बसले, मान खाली घालून बोलायला लागले.

“मिस्तरी, मी पैशाचं बोलायला आलो नाय. मला एवढंच सांगा. तुम्ही गाडीला कान लावला होता. मी समोर उभा होतो. तुम्ही म्हणालात, बिनघोर जा. मग ते ऐकू कसं नाय आलं?”

मास्तरांचं तोंड जमिनीकडं. मिस्तरींना ओठ दिसंनात. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढं झाले आन् मिस्तरींच्या तोंडासमोर सावकाश म्हणले, “मास्तर विचारत्यात, ऐकू कसं नाय आलं.”

लेक मागं शटरपाशी उभा व्हता. त्यानं ते बघितलं.

“पप्पा,” तो म्हणला.

मिस्तरी मास्तरांकडं बघत उभे.

“पप्पा.”

लेकाचा आवाज मोठा नव्हता, बारीक बी नव्हता. गल्लीत कुणी इंजिन चालू केलेलं नव्हतं. मास्तरांनी मान वर केली. आम्ही दोघं मिस्तरींकडं बघतोय आन् मिस्तरी आमच्याकडं. मागं त्यांचा लेक तिसऱ्यांदा “पप्पा” म्हणला आन् त्याचा आवाज फाटला. मी नजर हलवली तवा मिस्तरी वळले. लेकाचं तोंड बघितलं आन् त्यांना कळलं.

मिस्तरी खाली बसले, फरशीवरच. म्हणले, “दोन वर्षं झाली. काय येत नाय ऐकू.”

मास्तर म्हणले, “मग गेल्या साली माझी गाडी? तुम्ही बरोबर सांगितलं होतं. दुसरं.”

“मी नाय सांगितलं,” मिस्तरी म्हणले. “ह्यांनी सांगितलं.” आन् माझ्याकडं बोट केलं.

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या झाडूकडं बघितलं. त्यांना वाटलं मिस्तरींच्या डोक्यावर परिणाम झाला. ते लेकाला हळूच म्हणले, “सांभाळा यांना. मला काय नको.” मंग मिस्तरींच्या खांद्यावर हात ठेवून गेले. चांगला माणूस.

लेकानं विचारलं, “पप्पा, मग त्या दिवशी मावशी कुठं होत्या?”

मी तोंड उघडलं व्हतं. पण लेक समोरून विचारत व्हता, मिस्तरींनी त्याचे ओठ वाचले आन् माझ्याआधी बोलले. “त्यांच्या घरी बारसं होतं. मी जा म्हणलो. शेवटचं ऐकणं माझं काम हाय, मी चावी दिली. येष्टी बंद होती, त्यांनी काय करावं?”

येष्टी बंद नव्हती. रस्ता बी गेलेला नव्हता.

आठ दिवसांत सगळं आवरलं. मशीन जालन्याच्या एकानं नेलं. बाकी सामान शेजारच्या उस्तादाला दिलं, तो घेताना रडला. गल्लीतले लोक येऊन जायचे, मिस्तरींशी मोठ्यांदा बोलायचे, मिस्तरी म्हणायचे, “आरडू नका, ऐकू येत नाय म्हणजे नायच येत.” त्यांची एक काळजी गेली व्हती. मन मोकळं झालं असंल. तोंड मात्र पडलेलं.

जायच्या दिवशी लेक गाडीत सामान भरत व्हता. मिस्तरी मला म्हणले, “तुमच्याकडं मोबाइल हाय ना?”

“हाय. बटनाचा. लेकीच्या लेकानं दिलेला.”

“नंबर द्या. फोन करीन.”

“करून काय? माझं तुमाला ऐकू यायचं नाय.”

“नाय येणार. पण उचलला की पडद्यावर सेकंदांचे आकडे पळायला लागत्यात. एक, दोन, तीन. ते दिसत्यात मला. मी बोलीन. तुम्ही नुसता उचला.”

आन् खरंच करायचे. महिन्यातून दोनदा, कवा तीनदा. सकाळी नऊच्या सुमाराला, लेक-सून कामावर गेल्यावर. मी पयल्या दुकानात झाडत असायची, तशीच बाहेर पायरीवर बसायची. मिस्तरी बोलायचे. इथं पाणी दोन टाइम येतं. सुनंनं शेंगदाण्याची आमटी केली, आपल्यासारखी नाय झाली. खाली बागेत एक म्हातारा भेटला, तो बी बहिरा, दोघं बसतो. “दोन बहिरे भांडत बी नाय, मावशी.” त्यांचं दुकान आता मोबाइलचे कव्हर विकणाऱ्यानं घेतलंय, तिथं बी मीच झाडते, हे मी त्यांना फोनवर सांगायची. त्यांना ऐकू यायचं नाय. मी सांगायची तरी.

पयल्यांदा चार शब्द बोलायची. मंग वाढत गेलं. ते तिकडून आमटीचं बोलत असायचे आन् मी इकडून मालकांच्या काविळीचं. दोघं एकाच टायमाला. पायरीवरून जाणारे बघायचे. मेंढरं पडली त्या उन्हाळ्याचं मी लेकीला बी सांगितलेलं नाय, ते मी मिस्तरींना सांगितलं. कुणाच्या कानात पडणार नाय, हे ठावं असलं की माणसाला बोलता येतं.

दिवाळीनंतर एक फोन आला. त्याच्यानंतर आला नाय. मी लावून बघितला, तर बाई सांगती बंद हाय. लेकाचा नंबर पाटीवर व्हता, पाटी कव्हरवाल्यानं उतरवली तवा घ्यायचा राहून गेला. उस्तादाकडं बी नाय. मिस्तरी कसे हायत, मला ठावं नाय.

त्या शेवटच्या फोनात ते थंडीचं सांगत व्हते. पाय दुखतात म्हणत व्हते. मी पायरीवर बसले आन् मधीच म्हणले, “मिस्तरी, येष्टी चालू व्हती.”

ते म्हणले, सुनंनं मोजे आणलेत.

“मंगळवारी सकाळी मी पिशवी भरून बसले व्हते,” मी म्हणले. “लेक मला राहा म्हणली नाय. कुणीच म्हणलं नाय. मी पणतवाला शेवटचं बघायला गेले. त्यानं माझं बोट धरलं. झोपेत धरत्यात तसं, त्यात काय नसतं. पण मला सोडवंना. येष्टी गेली. दुसऱ्या दिवशी बी गेली. मला मास्तरांच्या आईचं ठावं व्हतं, मिस्तरी. मी बसूनच राहिले.”

तिकडून मिस्तरी बोलायचे थांबले. मी बी थांबले. मंग ते म्हणले, “बरं मावशी, ठेवतो.”

ठेवला नाय. मी फोन कानापासून काढून बघितला. आकडे पळत व्हते. बराच येळ पळत व्हते. ते तिकडं बघत बसलेले, मी इकडं, आन् दोघांनी बी ठेवला नाय.